तपकिरी कागदावरचा पाय

इस्त्री ‘टक्’ करून वाजली आणि तिचा तांबडा दिवा विझला.

रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली. माई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या आणि त्यांचा मुलगा त्याच्या आठवड्याच्या हक्काच्या झोपेत होता. सून जमिनीवर जुनी चादर दुमडून फादरकाकांचा पांढरा झगा इस्त्री करायला बसली होती. पाच वाजता बिशपसाहेबांचे सेक्रेटरी येणार होते, आणि फादरकाका चुरगळलेल्या झग्यात त्यांच्यासमोर बसले असते तर माईंनी तिला आणि त्यांना, दोघांनाही घराबाहेर काढलं असतं. खुद्द फादरकाका, माईंचे धर्मगुरू दीर, घरातल्या साध्या सदऱ्यात, शेजारच्या बुटक्या स्टुलावर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसले होते. टेबलाखाली टिकली, वय वर्षं सहा, त्यांच्या पिशवीतले तपकिरी कागद पसरून बसली होती. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं काढलेला एकेक पाय होता. इस्त्री वाजल्यावर तिलाही कंठ फुटला.

“वि… ण… कर. विणकर! फादरआजोबा, हा पाय विणकराचा?”

“हो.”

“त्याचं नाव काय?”

“नाव नाही लिहायचं, बाळा. कागद उडतो, कुणाच्याही हातात पडतो. मग लोक म्हणतात, अरेच्चा, याला तो आजार होता होय! धंदा लिहिला की आपलं भागतं. विणकर काय, शंभर असतात.”

“आणि ही पा… व… वाली?”

“तीही शंभरातली एक.”

सुनेनं इस्त्री मागं उभी करून ठेवली, कॉलरवर पाणी शिंपडलं आणि ती बोटांनी सारखी करू लागली. तेवढ्यात करपल्याचा वास आला. तिनं आधी झगा उचलून उलटासुलटा पाहिला. पांढराशुभ्र. मग चादर पाहिली. मग तिची नजर मागं गेली.

इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्याला फादरकाकांचा डावा पाय टेकला होता. उशीला टेकावा इतका आरामात. ते पान उलटत होते.

“फादरकाका! पाय!”

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पायाकडे. दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या सामानात आली की माणूस पाहतो, तसं.

“आधी बटण बंद कर,” ते म्हणाले. “टिकले, तू आहेस तिथंच थांब. सूनबाई, बादलीत गार पाणी आण. बर्फ नको.”

तिनं बादली आणली. त्यांनी पाय बुडवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “वीस मिनिटं. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात जाळीचं कापड आहे, ते काढून ठेव.”

“दुखतंय?”

“नाही.”

“थोडंसुद्धा?”

पाण्यात पायाच्या कडेला इस्त्रीच्या टोकाएवढा पांढुरका डाग दिसत होता. तिच्या स्वतःच्याच तळव्यातून कळ गेली.

“कधीपासून हे?”

“गेल्या वर्षी कळलं. त्याआधी कधीपासून, ते मला तरी कसं कळणार?”

“फादरकाका, पण तुम्ही रोज…”

“रोज चाळीस पाय बघतो. माहीत आहे.” ते किंचित हसले. “आपले तेवढे राहून गेले. पहाटे अंधारात धुवायचे, मोजे चढवायचे, चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायचं. हे बघ, एवढ्यात कुणाला सांगू नकोस. सेक्रेटरी येऊन जाऊ देत, मग मीच सांगेन.”

“आणि त्यांनी विचारलं, तब्येत कशी आहे?”

“तर म्हणेन, माझं काहीएक दुखत नाही. खोटं थोडंच आहे?”

ते हसले. सून हसली नाही. टेबलाखाली टिकलीही हसली नाही.

*

माई झोपल्या नव्हत्या. भिंतीपलीकडे बादलीचा आवाज झाला, कुजबुज झाली, तेव्हा त्या कुशीवर वळून छताकडे बघत होत्या. सून काहीतरी निस्तरते आहे एवढं त्यांना समजलं. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

दीड महिन्यापूर्वी त्यांनी बिशपसाहेबांना पत्र घातलं होतं. मजकूर त्यांचा, अक्षर मुलाचं. ‘आमचे भावजी आता एकाहत्तर वर्षांचे झाले. चौतीस वर्षं ते त्या कुष्ठरोग केंद्रात बसून लोकांच्या पायाच्या चपला कापत आहेत. आता त्यांना घरी पाठवावं, खोली तयार आहे.’ खोली खरोखरच तयार होती. दादा, म्हणजे माईंचे यजमान, जिथं आपली हत्यारं ठेवत, ती खोली त्यांनी रिकामी करून रंगवून घेतली होती. खिडकीला जाळी बसवली होती. दादा गेल्यापासून या घरात पुरुषाच्या खोकल्याचा आवाज येत नव्हता. मुलगा होता, पण तो बस डेपोत मेकॅनिक. घरी यायचा तो आंघोळ करून झोपायलाच. भावजी दीक्षा घेतल्यापासून या घरात किती रात्री राहिले, ते माईंनी एकदा बोटांवर मोजलं होतं. एक्केचाळीस.

भावजी तिथं कसे अडकले, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. नवीन नेमणूक, लहानसं चर्च. मिस्सा संपल्यावर एक माणूस भजन गुणगुणत दाराकडे चालला होता आणि त्याच्यामागं फरशीवर लाल ठसे उमटत होते. तळव्यात खिळा घुसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. कुष्ठरोग औषधानं बरा झाला होता, पण पायातली जाणीव गेली ती गेलीच. तो विणकर होता. भावजींनी त्या दिवशी खिळा काढला आणि दुसऱ्या दिवसापासून एका मोच्याच्या दुकानात शिकायला बसले. सहा महिने. मऊ रबर, जाड तळ, पट्टे शिवलेले, आणि खिळा एकही नाही. लोक त्यांना चपलाफादर म्हणू लागले. दादांना ते आवडत नसे. “एवढं शिकून माझा भाऊ चांभार झाला,” म्हणायचे. पण शेवटच्या आजारपणात त्यांच्या पायात चपला होत्या त्या भावानंच केलेल्या.

बिशपसाहेबांचं उत्तर आलं होतं: प्रकृती ठणठणीत असेल तर फादरांना आणखी तीन वर्षं ठेवू, नसेल तर घरच्यांचं म्हणणं योग्य. सेक्रेटरी रविवारी येऊन दोन्ही बाजू ऐकून घेतील.

म्हणजे आज माईंना फक्त एवढंच म्हणायचं होतं, की भावजींना आता झेपत नाही. ते म्हणायला जीभ उचलायची कशी, याचा त्या विचार करत होत्या.

*

साडेतीनला आत्या आली. फादरांची थोरली बहीण, निवृत्त नर्स. बोलणं असं की रोगी अर्धा बरा आणि नातेवाईक अर्धे आजारी. या भांडणात ती सुरुवातीपासून भावाच्या बाजूची होती. चप्पल काढता काढताच तिनं सुरुवात केली.

“काय हो वहिनी, कैदी पळाला नाही ना?”

“तुम्ही आलात, आता पळेल,” माई म्हणाल्या. “वन्सं, तुम्ही मध्ये पडू नका हं आज.”

“मी कशाला पडते? तुम्ही पत्रं पाठवता बिशपांना, आम्ही आपल्या साध्या बायका.”

माईंचा चेहरा उतरला. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“ज्याच्याबद्दल लिहिलंत त्यानंच. बिशपांनी पत्र दाखवलं त्याला. अक्षर ओळखलंन पोराचं. म्हणाला, ‘ठणठणीत’ मधला ण अजून उलटाच काढतो गाढव.”

मुलगा नुकताच उठून तोंड धुऊन आला होता. टॉवेल तोंडावर तसाच धरून तो म्हणाला, “ठणठणीत मी लिहिलंच नव्हतं. ते बिशपसाहेबांच्या पत्रात होतं.”

“मग दुसरा कुठला तरी ण असेल. गाढव तर तूच.”

सून स्वयंपाकघरात चहा टाकत होती. वचन तिनं दिलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. तोंड उघडलं तर फादरकाकांचं केंद्र गेलं. मिटून ठेवलं तर आज पायाची कड, उद्या पाय. टिकलीला ताप आला की ती रात्रभर तिच्या कपाळावर हात ठेवून बसे. ज्याला स्वतःचा ताप कळतच नाही, त्याच्या उशाशी कुणी बसायचं?

आत्या कप घ्यायला आत आली.

“आत्या,” सून खाली बघूनच म्हणाली, “तुम्ही फादरकाकांचे पाय तपासाल का? सेक्रेटरी यायच्या आधी?”

“का गं?”

“उगीच.”

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला ‘उगीच’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिनं चहाचा कप उचलला आणि ती बाहेर गेली.

*

“काढ मोजे,” आत्या म्हणाली.

“कशाला?” फादरांनी झगा अंगात घातला होता, वरपासून खालपर्यंत कडक, पांढरा.

“कशाला म्हणजे? तो माणूस येऊन विचारेल, प्रकृती कशी. मी सांगेन, मी स्वतः तपासलंय, घोड्यासारखा आहे. वहिनींची बोलती बंद. पाच मिनिटांचं काम.”

“बरं,” फादर म्हणाले, जरासे उशिरानं. त्यांनी उजवा मोजा काढला. डावा नाही.

आत्यानं तेही पाहिलं. तिनं पर्समधून बॉलपेन काढलं. ही तपासणी तिला त्यानंच शिकवली होती, ती सुट्टीत त्याच्या केंद्रात मदतीला जायची तेव्हा. रोग्यानं डोळे मिटायचे. पेनाचं टोक तळव्याला हलकेच टेकवायचं. कुठं लागलं ते त्यानं सांगायचं. आधी अंगठा, मग चवडा, मग करंगळीची बाजू, मग टाच.

“मीट डोळे.”

फादरांनी डोळे मिटले. सगळे जमले. माई दाराच्या चौकटीला टेकून, मुलगा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, सून टिकलीला पोटाशी धरून. आत्यानं टोक टेकवलं.

“अंगठा,” फादर म्हणाले.

“हं.”

“चवडा.”

“हं.”

“करंगळीकडे. टाच.”

“बघा!” मुलगा म्हणाला. “ब्रेक, क्लच, सगळं चालू आहे गाडीचं.”

माईंनी निःश्वास सोडला. तो सुटकेचा की निराशेचा, त्यांचा त्यांनाच समजला नाही.

पण आत्या उठली नाही. शब्द बरोबर होते, ताल चुकत होता. माणसाला काही लागलं की त्याच्या कपाळावर आधी काहीतरी हलतं, मग तोंडातून शब्द येतो. इथं कपाळ स्वस्थ होतं. शब्द घड्याळासारखे पडत होते.

“एकदाच पुन्हा,” ती म्हणाली. “खात्रीसाठी.”

“तू ना…”

“मीट.”

अंगठ्याला तिनं टोक टेकवलं. “अंगठा.” चवड्याला टेकवलं. “चवडा.” मग तिनं पेन उचललं आणि तसंच हवेत धरून ठेवलं, स्वतःच्या खांद्याच्या उंचीवर, सगळ्यांना दिसेल असं.

“करंगळीकडे,” फादर म्हणाले.

पेन तिथंच राहिलं.

“टाच,” फादर म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते. त्यांच्या चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला उभ्या राहिलेल्या मुलासारखा शहाणा भाव होता. आत्यानं पेन खाली घेतलं नाही. शेवटी माई पुढं झाल्या.

“भावजी,” त्या हळूच म्हणाल्या, “डोळे उघडा.”

*

डोळे उघडल्यावर फादरांना पहिल्यांदा दिसलं ते हवेतलं पेन.

ते त्याच्याकडे बघत राहिले. केंद्रात किती जणांना त्यांनी असं पकडलं होतं! नोकरी जाईल म्हणून, लग्न मोडेल म्हणून, घरचे वेगळं ताट लावतील म्हणून माणसं डोळे मिटून खोटं बोलत. अंगठा, चवडा, करंगळी, टाच. दोनचारदा तपासणी झाली की क्रम पाठ व्हायचा. मग ते पेन हवेत धरून थांबायचे आणि म्हणायचे, ‘अहो, मी अजून टेकवलंच नाही.’ रागावून कधीच नाही. पण समोरच्याला त्या वेळी काय वाटत असेल, हे आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता.

“ही युक्ती तुला कुणी शिकवली?” त्यांनी बहिणीला विचारलं.

“तूच.”

“हं.” त्यांनी मान हलवली. “चांगली शिकवलीय.”

“डावा मोजा काढ.”

त्यांनी काढला. पट्टी पाहून माईंनी तोंडावर हात ठेवला. फादर म्हणाले, “इस्त्री. दुपारची. तिचा दोष नाही, पाय मी टेकवला.” आणि सुनेकडे बघून, “आणि तिनं कुणाला सांगितलं नाही.”

सून रडू लागली. सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं होतंही.

“साखर असणार,” आत्या म्हणाली. तिचा आवाज आता नर्सचा झाला होता. “उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं. आणि केंद्र बंद. वहिनी, तुमचं बरोबर होतं. त्याला इथंच ठेवा. पायातली जाणीव गेली म्हणजे तिथं चपला कापायची रापी पायावर पडेल, रबर तापवायची शेगडी आहे, विंचूकाटा आहे. मी सांगते सेक्रेटरींना.”

“नाही,” माई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“जाऊ द्या त्यांना.”

“आई, पत्र तूच…” मुलगा म्हणाला.

“लिहिलं. मला वाटलं होतं, थकले असतील, सुटतील बिचारे. आता पाहिलं की मी.” माईंनी मिटल्या डोळ्यांच्या त्या चेहऱ्याकडे बोट केलं, जणू तो अजून तिथंच होता. “चौतीस वर्षं देवाचं काम करणारा माणूस ज्यासाठी खोटं बोलला, ते काढून घेऊन मी त्यांना जाळीच्या खिडकीत बसवू? दादा गेले ते गेलेच, वन्सं. भावजींना आणून ती खुर्ची भरायची नाही.”

“अहो, पण पाय!” आत्या उसळली. “खुर्चीचं काय घेऊन बसलात? पाय जाईल!”

“तुम्हीच ना म्हणत होतात, जाऊ दे?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं!”

“आणि मला तरी कुठं होतं?”

“ब्रेक गेलेली गाडी मी डेपोतून बाहेर सोडत नाही,” मुलगा म्हणाला, मग आईचा चेहरा बघून, “पण म्हणून गाडी भंगारातही घालत नाही. दुरुस्त होईपर्यंत…”

“हे दुरुस्त होत नाही,” फादर म्हणाले. “सांभाळता येतं फक्त. रोज सकाळी उजेडात दोन्ही तळवे बघायचे, स्वतःला नीट दिसत नसतील तर दुसऱ्याला दाखवायचे. अनवाणी एक पाऊल नाही. आणि मापाची चप्पल.” ते थांबले. आपण हे कुणाला सांगतोय, असा प्रश्न त्यांना पडला असावा. “पहिल्या दिवशी प्रत्येकाला मी हेच सांगतो. ‘आधी पाय दाखवा, बाकीचं नंतर बघू.’ सेक्रेटरी आले की मीच दाखवतो.”

“दोन्ही?” आत्यानं विचारलं.

“दोन्ही. मग राहू द्यायचं की उठवायचं, ते त्यांनी ठरवावं. तुम्ही दोघी गप्प बसायचं.”

“मी गप्प बसणार नाही,” आत्या म्हणाली.

“मीही,” माई म्हणाल्या.

“तेही मी धरूनच चाललोय.”

मुलगा हसला, मग आत्या. हसता हसता तिनं चष्मा काढून पुसला. “आणि चप्पल? ती कोण कापणार? स्वतःच्या पायाचं माप कुणाला घेता येत नाही, असं तूच म्हणतोस.”

“विणकर कापेल. तो खिळेवाला. आता माझ्यापेक्षा त्याचा हात साफ आहे. वीस वर्षं वाट बघतोय, माझ्यात काहीतरी खोट काढायची.” त्यांनी पिशवी ओढली आणि एक कोरा तपकिरी कागद जमिनीवर अंथरला. “टिकले, पेन्सिल आण. पेन्सिल सरळ उभी धरायची, पायाला चिकटून. तिरपी झाली की चप्पल लहान होते. उजवाच काढ आज, डाव्याला पट्टी आहे.”

ते आत्याच्या खांद्यावर हात ठेवून कागदावर उभे राहिले. झग्याची कड माईंनी वर धरली. टिकली पालथी झोपली, आणि जीभ बाहेर काढून, टाचेपासून सुरुवात करून पेन्सिल सावकाश फिरवू लागली. अंगठ्यापाशी ती थांबली.

“गुदगुल्या होतात का?”

“नाही, बाळा.”

“मला होतात.”

“होऊ देत. चांगलं असतं ते.”

सून बघत होती. एवढे पाय त्या पिशवीत; प्रत्येक वेळी फादरकाका झुकत असतील आणि दुसरा कुणीतरी असा उभा राहत असेल, कुणाच्या तरी खांद्याला धरून, खाली न बघता. फादरकाका आत्ता खिडकीकडे बघत होते.

पेन्सिल फिरून टाचेला मिळाली. फादर बाजूला झाले. कागदावर पाय उरला, थोडा वाकडा, पण पूर्ण.

रस्त्यावर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मुलगा दाराकडे गेला. माईंनी घाईघाईनं झग्याच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या, आत्यानं बादली खाटेखाली सरकवली. फादर खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही पाय, एक उघडा आणि एक पट्टीतला, समोर, येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसतील असे ठेवले.

दारावर टकटक झाली.

टिकलीनं कागद उचलून आईपुढं धरला. पेन्सिलीचं टोक तिनं पायाच्या बरोबर मधोमध टेकवलं होतं, जिथं बाकीच्यांचे धंदे लिहिलेले असत.

“आई,” तिनं हळूच विचारलं, “इथं काय लिहू?”